गिअर विसरायला लावणारा माणूस : हर्मान फ्योटिंगर

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठीचा पेपर म्हणजे माझ्यासाठी पास होण्यापुरता विषय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. हा लेख इंग्लिश सेक्शनला देऊन मी मोकळी झाले असते. पण ज्याच्यामुळे तो लिहिला गेला तो माझा मामा मराठीच वाचतो, आणि मला हे त्याला वाचून दाखवायचं आहे.

मामा अकोल्याचा. त्याचं कृषी केंद्र आहे. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय कायमचा अधू झाला. गाडी चालवताना क्लच डाव्या पायाने दाबतात, त्यामुळे चाळिशी येईपर्यंत मामा कायम ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर. कुठं जायचं म्हटलं की कोणाला तरी विचारायचं, त्याची सवड पाहायची. मग काही वर्षांपूर्वी त्याने पुण्याहून एक सेकंडहॅण्ड ऑटोमॅटिक गाडी आणली. पायाखाली दोनच पेडल, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. दोन्ही उजव्या पायाचे! तेव्हापासून अकोट, बाळापूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, मामा एकटा जातो. ती गाडी आता वीस वर्षांची झाली, म्हणजे माझ्याच वयाची.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले तेव्हा गाडी रुसलेली होती. लिव्हर डी वर टाकलं की दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग मागून कोणी ढकलल्यासारखा धक्का. एका गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच सांगितलं की गिअरबॉक्स गेला, नवीन टाकायला गाडीच्या किमतीच्या अर्धे पैसे लागतील, त्यापेक्षा भंगारात द्या. मामा दोन दिवस नीट जेवला नाही. प्रश्न पैशाचा नव्हताच, तो पुन्हा बाजूच्या सीटवर जाऊन बसण्याचा होता.

मग कोणीतरी एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव सुचवलं. ते कारचे मिस्त्री नाहीतच, जेसीबी दुरुस्त करतात. आपल्याकडे शेततळं खोदायला येतात त्या पिवळ्या जेसीबी. त्यांनी गाडीची डिपस्टिक ओढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि नाकाजवळ नेली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल नवीन असताना रूह अफजासारखं लाल असतं. फडक्यावर उतरलं ते काळपट तपकिरी, आणि वास जळका. आधी तेल बदलू, मग बोलू, असं त्यांचं म्हणणं पडलं. खालचा नट उघडला, तेल मोजलं, चार लिटर निघालं. गाडीच्या पुस्तकात एकूण मात्रा आठ लिटर. मिस्त्रींनी माझ्याकडे वळून विचारलं की ताई, तुम्ही इंजिनिअरिंगला आहात ना, मग बाकीचं चार लिटर कुठं आहे?

मला सांगता आलं नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या प्रश्नाला मला सातपैकी सहा मार्क पडले होते, सुबक आकृतीसकट! उत्तर त्याच आकृतीत होतं. बाकीचं तेल टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटात, आणि त्या डब्याला खाली नटच नाही. हॉस्टेलवर परत आल्यावर मी पुस्तक उघडलं. आकृतीखाली अर्ध्या ओळीत संशोधकाचं नाव होतं, हर्मान फ्योटिंगर. ज्या माणसाने माझ्या मामाला ड्रायव्हिंग सीटवर बसवलं तो अर्ध्या ओळीत उरकला जावा हे काही पटलं नाही. म्हणून हा लेख.

फ्योटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ चा, जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरातला. १८९५ ते १८९९ या काळात ते म्युनिकच्या टेक्निकल कॉलेजात शिकले. आणि शाखा कुठली? मेकॅनिकलवाल्यांनो, बसून घ्या, इलेक्ट्रिकल! शिक्षण संपताच, म्हणजे बाविसाव्या वर्षी, ते स्टेटिन इथल्या व्हल्कन या जहाज बांधणाऱ्या कंपनीत लागले. स्टेटिन तेव्हा जर्मनीत होतं, आज ते पोलंडमध्ये आहे. इलेक्ट्रिकलचा पोरगा जहाजाच्या कारखान्यात काय करणार असं वाटेल, पण त्यांचं पहिलं मोठं काम मोजमापाचं होतं. जहाजाचं इंजिन नक्की किती शक्ती देतं हे तेव्हा नीट कळत नसे. इंजिनपासून पंख्यापर्यंत जाणारा लांबलचक शाफ्ट चालताना अगदी थोडासा पिळला जातो. तो पीळ मोजला की टॉर्क कळतो आणि टॉर्कवरून शक्ती. आपण स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये टॉर्शन टेस्टचं जर्नल एकमेकांचं बघून उतरवतो ना, तेच सूत्र. फ्योटिंगर यांनी त्यावरून टॉर्शन इंडिकेटर नावाचं यंत्र केलं आणि चालत्या जहाजावर शक्ती मोजून दाखवली. याच विषयावर १९०४ साली ते डॉक्टर झाले.

आता त्या काळातली अडचण पाहा. जहाजांत नवी नवी स्टीम टर्बाइन येत होती. टर्बाइनला जोरात फिरायला आवडतं, मिनिटाला हजारो फेरे. जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाण्यावर पकड घेतो, जोरात फिरवला तर पाणी नुसतं घुसळतो. दुसरी अडचण अशी की टर्बाइन उलटी फिरत नाही, मग जहाज मागे न्यायला वेगळी टर्बाइन बसवा. गिअर लावून वेग कमी करावा म्हटलं, तर हजारो हॉर्सपॉवर झेलतील इतके मोठे आणि इतके अचूक दाते तेव्हा कापता येत नव्हते.

फ्योटिंगर शेवटी इलेक्ट्रिकलवाले. पहिला विचार विजेचाच आला. टर्बाइनने जनरेटर फिरवायचा आणि त्या विजेवर मोटर लावून पंखा फिरवायचा. हिशेब केला तेव्हा वजन आणि खर्च दोन्ही हाताबाहेर जाऊ लागले. मग त्यांनी विजेच्या जागी पाणी घालून पाहिलं. टर्बाइनने पंप चालवायचा, पंपाचं पाणी नळातून दुसऱ्या टर्बाइनवर सोडायचं आणि तिच्यावर जहाजाचा पंखा. कल्पना चांगली, पण नुकसान फार. पंप ८० टक्के आणि टर्बाइन ८० टक्के एफिशियन्सीची धरली तरी गुणाकार ६४ टक्के येतो, आणि नळातलं घर्षण वेगळंच.

इथे त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. त्यांनी नवीन काही जोडलं नाही, होतं ते काढून टाकलं. पाणी पंपातून निघून टर्बाइनमध्येच जायचं आहे, तर मधले नळ हवेत कशाला? पंपाचं बाहेरचं कवच कशाला? दोन्ही चाकं एकाच डब्यात समोरासमोर ठेवली. पंपाच्या पात्यांतून निघालेलं पाणी थेट टर्बाइनच्या पात्यांत, तिथून मधल्या स्थिर पात्यांत, तिथून पुन्हा पंपात. पाणी त्या डब्यातच गोल गोल फिरत राहतं. १९०५ साली त्यांनी याचं पेटंट घेतलं, तेव्हा ते २८ वर्षांचे होते.

हॉस्टेलच्या रूमवर करून बघण्यासारखा प्रयोग आहे. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा. एक सुरू करा, दुसऱ्याची पिन काढून ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. हे झालं फ्लुइड कपलिंग. दुसऱ्याचं पातं हळूच (आणि जपून!) धरून ठेवलं तरी पहिला फिरतच राहतो. सिग्नलला ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये उभी असते आणि इंजिन बंद पडत नाही ते यामुळेच. मधली स्थिर पाती, म्हणजे स्टेटर, घातली की टॉर्क कन्व्हर्टर होतो. टर्बाइनमधून परतणारा प्रवाह पंपाला आडवा येऊ पाहतो. स्टेटर त्याला वळवून पंपाच्याच बाजूने ढकलायला लावतो. त्यामुळे गाडी जागेवरून हलताना इंजिनच्या टॉर्कच्या जवळपास दुप्पट टॉर्क मिळतो. एका दाताला दुसरा दाता न लावता!

१९०९ च्या सुमारास व्हल्कनने एका लहान बोटीत हे यंत्र बसवून चाचण्या घेतल्या. एफिशियन्सी ८० टक्क्यांच्या वर गेली. लोखंडाला लोखंड न लागता, मधे नुसतं पाणी असताना हे जमलं होतं. १९१३ साली क्योनिगिन लुईझे नावाच्या प्रवासी बोटीत हे ट्रान्सफॉर्मर (तेव्हा त्याला हेच नाव होतं) बसले. हेल्गोलँड बेटावर सुट्टीसाठी जाणाऱ्या लोकांना नेणारी ही बोट. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मन नौदलाने बोट ताब्यात घेतली, तिच्यावर सुरुंग चढवले आणि तिला थेम्स नदीच्या मुखाकडे पाठवलं. ५ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ब्रिटिश जहाजांनी तिला बुडवलं. त्या युद्धात जर्मन नौदलाने गमावलेलं ते पहिलं जहाज. दुसऱ्या दिवशी तिनेच पेरलेल्या सुरुंगावर ब्रिटिशांची अ‍ॅम्फियन ही क्रूझर बुडाली. फ्योटिंगर यांचं यंत्र घेऊन प्रवाशांसाठी निघालेली पहिली बोट अशी समुद्राच्या तळाशी गेली.

त्याहून मोठा पराभव मात्र युद्धाने केला नाही, गिअरनेच केला. याच काळात इंग्लंडमध्ये पार्सन्स यांनी टर्बाइनसाठी अचूक गिअर तयार केले. गिअरमधून ९८ टक्क्यांच्या आसपास शक्ती पलीकडे जाते. त्यापुढे पाण्याचा डबा कसा टिकणार? ज्या कामासाठी टॉर्क कन्व्हर्टर जन्मला त्या कामातून तो काही वर्षांत बाहेर पडला. आपला प्रोजेक्ट एका सबमिशनला रिजेक्ट झाला की आपण ब्रँचलाच शिव्या घालतो. इथे तर आख्खा शोध रिजेक्ट झाला होता.

फ्योटिंगर १९०९ सालीच कंपनी सोडून डान्झिगच्या टेक्निकल कॉलेजात प्रोफेसर झाले होते. डान्झिग म्हणजे पोलंडमधलं आजचं ग्दान्स्क. पंधरा वर्षं त्यांनी तिथे शिकवलं. १९२४ साली त्यांना बर्लिनला बोलावणं आलं आणि पुढची एकवीस वर्षं ते तिथे फ्लुइड फ्लो आणि टर्बोमशिन्स शिकवत राहिले. जहाजाचे पंखे, पाण्यातले भोवरे, कॅव्हिटेशन हे त्यांचे विषय. आयुष्यभरात त्यांनी शंभरावर पेटंटसाठी अर्ज केले.

इकडे त्यांचा शोध हळूहळू पाण्यातून जमिनीवर येत होता. व्हल्कनमधल्याच गुस्टाव्ह बाउअर यांनी स्टेटर काढून टाकलेलं साधं कपलिंग डिझेल इंजिनाच्या जहाजांत वापरलं, कारण डिझेलचे हिसके मधलं तेल गिळून टाकतं. लंडनचे इंजिनिअर हॅरॉल्ड सिंक्लेअर यांना शहरातल्या बसच्या धक्क्यांवर हाच उपाय सुचला, आणि १९३० साली डेमलर कंपनीने फ्लुइड फ्लायव्हील बाजारात आणलं. १९२० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या संशोधकांनी स्टेटरला एकाच दिशेने फिरणारा क्लच लावला. त्यामुळे सुरुवातीला कन्व्हर्टर आणि वेग आल्यावर कपलिंग, अशी दोन कामं एकच डबा करू लागला. तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलमध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्स दिला. क्लच पेडलच नाही! त्यात फ्योटिंगर यांचं कपलिंग होतं.

पण जर्मनीवर दुसरं महायुद्ध चाललं होतं. एप्रिल १९४५ मध्ये रशियन फौजा बर्लिनच्या गल्ल्यांत शिरल्या. २८ एप्रिल रोजी तोफगोळ्याचा एक तुकडा लागून हर्मान फ्योटिंगर गेले. वय ६८. चार दिवसांनी, २ मे रोजी, बर्लिन शरण आलं आणि तिथली लढाई थांबली. फक्त चार दिवस! तीन वर्षांनी, १९४८ साली, ब्यूक कंपनीची डायनाफ्लो आली आणि टॉर्क कन्व्हर्टर साध्या माणसाच्या कारमध्ये पोचला. बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या संस्थेला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं.

आपल्या वऱ्हाडाशी याचा काय संबंध, असं विचाराल तर शकुंतला आठवा. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी आपली नॅरोगेज. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. नॅरोगेजच्या त्या डिझेल इंजिनांत विजेची मोटर नसे, हायड्रॉलिक ट्रान्समिशन असे. इंजिन आणि चाकं यांच्या मधे तेल. आपल्याकडच्या मनमोहन सुरी यांनी रेल्वेसाठी केलेलं सुरी ट्रान्समिशन याच घराण्यातलं. म्हणजे अचलपूरचे आजोबा लोक फ्योटिंगर यांच्या कल्पनेवर बसून बाजाराला जात होते, फक्त कोणाला माहीत नव्हतं. आता ती गाडी बंद आहे.

आणि आता मामाची गाडी. हे सगळं वाचल्यावर मिस्त्रींचा प्रश्न मला खरा कळला. मी तेलाला वंगण समजत होते, चेनला घालतो तसं. ऑटोमॅटिकमध्ये तेल हा यंत्राचा भागच आहे. इंजिनची शक्ती तेच पलीकडे नेतं, त्याच्याच दाबाने आतले क्लच लागतात, तेच वंगण देतं आणि तेच उष्णता बाहेर काढतं. दोन पंख्यांच्या मधे जो वेगाचा फरक पडतो त्याची उष्णता होते, ती सगळी तेलात जाते, आणि वरून आपला अकोल्याचा मे महिना, पारा ४५ च्या वर! वीस वर्षांत ते तेल एकदाही बदललेलं नव्हतं. ते जळालं यात नवल नाही, इतके दिवस चाललं याचं नवल.

अर्धं तेल कन्व्हर्टरमध्ये अडकतं म्हणून एकदा बदलून भागत नाही. आठातलं चार काढून चार नवीन घातलं की जुनं उरतं ५० टक्के. थोडी गाडी चालवून पुन्हा तेच केलं की २५, तिसऱ्यांदा साडेबारा. एम-वनची जॉमेट्रिक प्रोग्रेशन! मिस्त्रींनी हे गणित कुठं शिकलेलं नाही, पण तीनदा करावं लागेल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. जबरदस्तीने दाबाखाली धुवायला मात्र त्यांनी नकार दिला. इतक्या जुन्या बॉक्समध्ये तळाशी बसलेला गाळ उठून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकू शकतो. आतल्या क्लच प्लेटाच झिजल्या असतील तर नवीन तेलानेही गाडी वाचणार नाही, हेही त्यांनी मामाला स्पष्ट सांगितलं. मामाने एक रात्र विचार केला आणि होकार दिला.

खालचा पॅन उघडला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. पॅनमधल्या मॅग्नेटवर करड्या रंगाचा मऊ चिखल होता, लोखंडाचे तुकडे नव्हते. चिखल म्हणजे वयाप्रमाणे झालेली झीज, तुकडे म्हणजे खेळ खलास. फिल्टर बदलला. तेल मात्र पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच आणलं, त्यासाठी नागपूरहून मागवावं लागलं. यात इंजिन ऑइल चालत नाही, आणि लाल दिसतं म्हणून कुठलंही लाल तेलही चालत नाही. क्लच किती घसरावा आणि कधी पकडावा हे त्या तेलातली रसायनं ठरवतात. शेवटी गाडी सपाट जागी उभी केली, तेल गरम होऊ दिलं, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून पी वर आणलं आणि पातळी पाहिली. इंजिन चालू ठेवून पाहायची की बंद करून, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, पुस्तकात बघून घ्या.

तिसऱ्या वेळेनंतर डी वर टाकलं की गाडी लगेच उचलते. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना अजून एक बारीक हिसका देते. तो राहील, वय झालंय तिचं, असं मिस्त्री म्हणतात. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी मामाचा फोन आला. तो एकटाच मूर्तिजापूरला जाऊन आला होता. मी हॉस्टेलच्या गॅलरीत उभी होते, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या वेळी अकोल्याला गेले की मिस्त्रींना फ्योटिंगर यांची ही गोष्ट सांगणार आहे. आयुष्यभर त्यांनी त्याच माणसाची यंत्रं उघडली आणि बसवली, नाव तेवढं कळायचं राहिलं. आणि तुम्हीसुद्धा व्हायवाला टॉर्क कन्व्हर्टरची आकृती काढाल तेव्हा पंप, टर्बाइन, स्टेटर लिहून थांबू नका. मधल्या रिकाम्या जागेत तेल आहे, ते दाखवा. काम तेच करतं.